तळ दिसला पाहिजे

देवपूर, धुळे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊ,

नमस्कार. फोन ठेवल्यापासून अर्धा तास नुसती धुमसतेय, म्हणून शेवटी कागद घेतला. मी विचारलं, "भाऊ, फिल्टर कोणता घेऊ?" तू म्हणालास, "हो हो, आम्ही मजेत." मी पुन्हा ओरडून विचारलं, तर म्हणालास, "हो हो, पुष्पालाही सांगतो." चौतीस वर्षं पंपांच्या घरघरीत काढून तुझे कान गेले, हे मला कळतं. पण तुझ्या लेकाने, भूषणने आणून दिलेलं यंत्र कानात घालायला काय होतं? वहिनी सांगत होत्या, ते कपाटात डबीत आहे. असू दे. आता लिहून विचारते.

दिपमालाला जर्मनीत नोकरी लागली हे तुला माहीत आहे. १८ एप्रिलला ती मुंबईहून निघणार, तीन वर्षांसाठी. तिचे सात कोई मासे नाशिकच्या भाड्याच्या बंगल्यातल्या टाकीत आहेत आणि तो बंगला मार्चअखेर सोडायचाय. कोई म्हणजे ते जपानी रंगीत मासे, हातभर वाढणारे. त्यातला सगळ्यांत मोठा आबा. केशरी अंग आणि कपाळावर काळा टिळा. सहावीत असताना तिने आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता चौदा वर्षांचा आहे. दहावी, बारावी, नोकरी, सगळीकडे तिने तो बादलीतून मिरवला. जाताना पोरीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "आई, मी परत येईन तेव्हा आबा असला पाहिजे." मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून डोक्याला घोर लागलाय.

मागच्या अंगणात वना मिस्तरीकडून तळं बांधून घेतलंय. दहा फूट लांब, सहा रुंद, साडेतीन खोल. तिथवर सगळं सरळ झालं. पण फिल्टरचं विचारायला गेले आणि तीन दुकानदारांनी माझं डोकं फिरवलं. नाशिकचा म्हणतो, ड्रम फिल्टरच घ्या, दुसरं काही घेणं म्हणजे पाप. त्या यंत्राला ठेवायला तळ्याएवढी वेगळी खोली लागेल. इथला एक म्हणतो, पोहण्याच्या तलावाला असतो तसला रेतीचा फिल्टर घ्या. तिसऱ्याने सोंडेसारखं काहीतरी हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, कशाला टेन्शन घेता? मेले तर दुसरे घेऊन जा." मी ती सोंड तिथेच टाकून आले. घरी आले तर हे म्हणतात, "तापीत सोडून दे, मजेत राहतील." या माणसाशी मी एकतीस वर्षं संसार केलाय.

तू फिल्टर प्लांट चालवलास. मला सांग, कोणता घेऊ? आणि भाऊ, जेवढं विचारलंय तेवढंच लिही.

तुझी
ज्योत्स्ना

———

जळगाव
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. पाठकोरा कागद बघून नाक मुरडू नकोस, हे प्लांटच्या जुन्या नोंदींचे ताव आहेत आणि चांगले जाड आहेत.

पहिलं सांगतो, तू योग्य माणसाला विचारलंस. दुकानदार विकायला बसलेला असतो, त्याला पाण्यातलं काय कळणार? मी चौतीस वर्षं पाण्याकडे बघत काढली. सकाळी सहाला पहिलं काम काय, तर काचेचं उंच भांडं भरायचं, खाली वर्तमानपत्र ठेवायचं आणि वरून वाचायचं. वधूवरांच्या जाहिरातीतलं बारीक अक्षर वाचता आलं, तरच पाणी पुढे सोडायचं. नाही आलं तर नाही. एकदा मोठ्या साहेबांशी यावरून भांडलो होतो. अख्खं शहर माझ्या हातचं पाणी प्यायलं आणि मला कुणी एक शब्द बोललं नाही.

तेव्हा उत्तर सरळ आहे. रेती. खाली गोटे, त्यावर खडी, त्यावर चाळलेली रेती, अडीच फूट थर. आठवड्यातून एकदा उलटं पाणी मारून धुवायचं. पाणी जास्तच गढूळ झालं तर चिमूटभर तुरटी. तळ दिसला पाहिजे. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्याला मी डबकं म्हणतो. मासा जपानी असो नाहीतर गिरणा नदीचा, त्याला स्वच्छ पाणीच लागतं.

मी स्वतः येऊन रेती भरून देईन. तू त्या वनाला हात लावू देऊ नकोस. त्याने आपल्या वडिलांच्या घरच्या मोरीचा उतार उलटा काढला होता.

आणखी एक लिहितो, तू विचारलेलं नाही तरी. मागच्या महिन्यात भूषणने स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. मला विचारलं नाही. बसवायला आलेला माणूस मलाच समजावत होता, "बाबा, पाण्यात जंतू असतात." मी म्हटलं, असतात का? बरं झालं सांगितलंस. घरातली सगळी हसली. मी उठून गच्चीवर गेलो.

तू विचारलंस, बरं वाटलं.

रुपचंद

———

धुळे
२ मार्च २०२५

ती. भाऊ,

फिल्टर विचारला तर तू मला अख्खं जळगावचं पाणी पाजलंस. जेवढं विचारलंय तेवढंच लिही म्हटलं होतं ना?

आणि आता रागावू नकोस. रेती नको. तुझं पत्र मी दिपमालाला वाचून दाखवलं, तर ती किंचाळलीच. ती म्हणते, माणसाच्या पाण्याचं आणि माशाच्या पाण्याचं गणित वेगळं. तुझ्या टाकीत कुणी राहत नव्हतं. इथे सात मासे खाणार आणि तिथेच घाण करणार. त्या घाणीचा अमोनिया होतो, तो दिसत नाही आणि मासे त्याने मरतात. तो खाणारे जिवाणू असतात. ते गाळणीतल्या वस्तूंवर वाढतात आणि त्यांचा तपकिरी, बुळबुळीत थर बसतो. हा थर म्हणजेच खरा फिल्टर. तो बसायला महिना-दीड महिना लागतो. दिपमालाच्या भाषेत गाळणी "पिकते". मग पाणी थोडं हिरवट दिसलं तरी मासे मजेत.

मलाही आधी पटलं नाही. तीस वर्षं शाळेत पोरांना नखं कापून या म्हणून मारलंय मी. पण मासे तिचे आहेत आणि शब्द मी दिलाय.

तेव्हा तीन निळी पिंपं घेतली आहेत. नवल म्हणून एक फिटर आहे, तो जोडून देतोय. पहिल्या पिंपात गाळ बसणार, दुसऱ्यात ब्रश, आणि तिसऱ्यात तो थर बसायला काहीतरी खडबडीत, पोकळ वस्तू हव्यात. त्याच्या प्लास्टिकच्या चकत्या पुण्याहून मागवाव्या लागतात, पण नवल म्हणतो ठिबकच्या जुन्या नळ्यांचे इंच-इंच तुकडे केले तरी चालतील. तू जळगावात बसला आहेस. तिथे ठिबकच्या नळ्या उकिरड्यावर पडलेल्या असतात. एक पोतं कापून पाठव. तुझं एवढंच काम आहे.

ज्योत्स्ना

———

जळगाव
१४ मार्च २०२५

चि. ज्योत्स्ना,

पोतं बसच्या पार्सलने पाठवलंय. एक नाही, दोन. वाघूरकडच्या एका शेतकऱ्याकडून जुन्या नळ्या आणल्या, गरम पाण्याने धुतल्या आणि छाटणीच्या कात्रीने कापल्या. आज धुळवड, सगळी गल्ली रंगात होती आणि मी ओट्यावर बसून इंच-इंच कापत होतो. उजव्या अंगठ्याला फोड आलाय. पुष्पा म्हणाली, बहिणीने सांगितलं म्हणून कापताय, मी सांगितलं असतं तर सबबींची यादी काढून दिली असती. खरंच आहे.

माझं मत मात्र बदललेलं नाही. घाण साठवून पाणी शुद्ध होतं हे मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकतोय. तुला माझं ऐकायचंच नव्हतं, तर विचारलंस कशाला? घरात एक भूषण आहे, तिथे एक तू.

एक मात्र ऐक. पंप दोन घे. एक चालता, एक कपाटात. आणि इन्व्हर्टरची जोडणी घे. पाणी थांबलं की मेलं, मग तुझे जिवाणू असोत नाहीतर माझी रेती. एवढं तरी दिपमालाला विचारल्याशिवाय कर.

रुपचंद

———

धुळे
७ एप्रिल २०२५

ती. भाऊ,

दोन्ही पंप घेतले. इन्व्हर्टरही जोडला. परवा दुपारी वीज गेली तेव्हा तुझी आठवण काढली, चांगल्या अर्थाने.

मासे २९ तारखेला आले. दिपमालाने जुन्या टाकीतला स्पंज ओल्या पिशवीत आणून तुझ्या नळ्यांमध्ये ठेवला, म्हणजे थर लवकर बसेल. बसतोय. नळ्या तपकिरी झाल्या आहेत. सातही मासे खातायत. आबा तर हाताला तोंड लावतो. दिपमाला तासतासभर तिथे पायरीवर बसून असते आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याकडे बघत असते.

पण पाणी हिरवट झालंय, भाऊ. ऊन बेचाळीसवर गेलंय. शेजारच्या लताबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "आते बठ्ठं हिरवंगार व्हई गयं वो." वना मिस्तरी हौद बघायला आला तर विचारतो, "ताई, पानी शे का भाजीना रस्सा?" दिपमाला म्हणते चालतं. तिचं चालतं, बोलणी मी खाते.

आता काम. १५ ते २० एप्रिल आम्ही दोघं तिला सोडायला मुंबईला जातोय. घरी तू ये. पुष्पावहिनींनाही आण. सकाळी एक मूठ खाणं, पंप चालू आहे ना ते बघायचं, जाळी उडू द्यायची नाही, मांजर येतं. किल्ली लताबाईंकडे आहे. विमानात बसायच्या आधी दिपमाला व्हिडिओवर तळं बघणार आहे, तेवढं पाणी जरा बरं दिसेल असं बघ. नाहीतर आई-बापाच्या दारात पहिल्याच महिन्यात डबकं झालं असं पोरीला वाटेल.

ज्योत्स्ना

———

(जेवणाच्या टेबलावर, स्टीलच्या डब्याखाली)

धुळे
२० एप्रिल २०२५, सकाळी सात

चि. ज्योत्स्ना,

तुमची गाडी दुपारी पोचेल, आम्ही नऊच्या बसने निघतो. पुष्पाच्या गुडघ्यांना ऊन सोसत नाही. वरण-भात झाकून ठेवलाय.

आधी तळ्याकडे जा, मग हे पत्र वाच. गेलीस? आता सांग.

आलो त्या दिवशी पाणी बघून मला शिसारी आली. वर्तमानपत्र धरून बघायचं तर दूरच, हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसेनात. पिंपाचं झाकण उघडलं. माझ्याच हातच्या नळ्या, आणि त्यावर शेंबडासारखी तपकिरी घाण! ज्योत्स्ना, डोळ्यांत पाणी आलं. पोरगी परदेशी चाललीय आणि जाताना हे बघणार.

१६ला पहाटे कामाला लागलो. सगळ्या नळ्या काढल्या, ब्लीचिंगच्या पाण्यात दोन तास ठेवल्या, काथ्याने घासल्या आणि आठ वेळा खळबळून धुतल्या. क्लोरीनने मासा मरतो एवढं मला कळतं, म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत धुतल्या आणि उन्हात वाळवून मगच परत भरल्या. तो स्पंज फेकून दिला, त्याला तर हात लावायची सोय नव्हती. तळ्यातलं निम्मं पाणी बदललं, तेही आधी पिंपात उभं ठेवलेलं. तुरटी अगदी चिमूट. १८ला दिपमालाने व्हिडिओ केला तेव्हा मी तळात वर्तमानपत्राचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोडला होता आणि वरून तिला मथळा वाचून दाखवला. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण बघत राहिली होती.

आबाच्या पाठीवरचा एकेक खवला मोजता येतो.

नळ्यांची एक छोटी पिशवी मात्र मी मुद्दाम न धुता घेऊन चाललोय, ओली तशीच. आमच्या प्रयोगशाळेतल्या जीवरामला दाखवणार आहे. तो सांगेल तुमच्या त्या थराला काय म्हणतात ते.

मासे भुकेले वाटत होते म्हणून दोनदा खाऊ घातलं. आता रेती भरायची असेल तर कळव. रुसवा नाही माझा.

रुपचंद

———

धुळे
गुरुवार, २४ एप्रिल

भाऊ,

हे पत्र साडेदहाच्या जळगाव बसच्या कंडक्टरकडे देतेय. भूषणला स्टँडवर पाठवून घे, मी त्याला निरोप दिलाय.

तीन मासे मेले. सोमवारी रात्रीपासून सगळे वर येऊन तोंड उघडत होते. मंगळवारी सकाळी पांढरा मेला, दुपारी दोन पिवळे. लाल डाग पडलेत अंगावर. नवल औषधाच्या थेंबांनी पाणी तपासून गेला. अमोनिया इतका होता की बाटलीतला रंग हिरवागार झाला. मी विचारलं, अरे पण पाणी तर आरशासारखं आहे. तो म्हणाला, "बाई, पिंपं कुणी धुतली?"

मग टेबलावरचं तुझं पत्र वाचलं. तोवर वाचलंच नव्हतं, डब्याखालून काढून देवघरात ठेवलं होतं, निवांत वाचू म्हणून.

मी तुला लिहिलं होतं. पानभर लिहिलं होतं, तो थर म्हणजेच फिल्टर. तू वाचलंस, हसलास आणि ठेवून दिलंस. साऱ्या जगाने तुला विचारावं आणि तू कुणाचं काही ऐकू नयेस! काल तुला फोन केला, रडत होते मी. "भाऊ, मासे मरतायत." तू म्हणालास, "हो हो, छान, मी म्हटलंच होतं."

आबा तळाशी आडवा पडलाय, एका कुशीवर. कल्ले हलतात तेवढंच. तुझ्या स्वच्छ पाण्यातून स्पष्ट दिसतो.

मी आणि नवल रोज पाणी बदलतोय. नवल म्हणतो पिकलेला थर आता कुठून आणायचा, धुळ्यात असे मासे ठेवणारं कुणी नाही, आणि नवा बसायला महिना लागेल. आबाकडे महिना नाही. दिपमालाला मी काही सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस.

ज्योत्स्ना

———

(बसमध्ये)
शुक्रवार, २५ एप्रिल

चि. ज्योत्स्ना,

पारोळा मागे पडलं. बस हलतेय, अक्षर सांभाळून घे. हे पत्र पिशवीबरोबर तुझ्या हातात देईन आणि पुढच्या बसने परत जाईन. तुझ्या घरात यायला माझा पाय उचलणार नाही.

काल तुझं पत्र वाचून जीवरामकडे धावत गेलो. मी दिलेली पिशवी त्याने फेकली असेल असं वाटलं होतं. रविवारी मी ती त्याच्यासमोर आपटून म्हणालो होतो, ही बघ माझ्या बहिणीची शुद्धता. त्याने एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला म्हणाला, "रुपचंद, हे काम करणारे आहेत. आपण दोघांनी नोकरीभर यांना मारायचं काम केलं, म्हणून ओळखत नाहीस." मी चिडून निघून आलो. ते तुला कळवलं नाही. तेव्हाच कळवलं असतं तर एक दिवस आधी कळलं असतं. सोमवारी अजून सगळे जिवंत होते.

त्याच्या गच्चीवर गप्पी माशांचा हौद आहे, डासांसाठी पाळलेले. पिशवी त्याने त्यात कारंज्याखाली टांगून ठेवली होती. थर जिवंत आहे. गप्पीच्या हौदातले दगडही त्याने दिले, त्यांच्यावरही तोच थर. सगळं बादलीत घालून मांडीवर घेऊन बसलोय. कंडक्टर विचारत होता, "बाबा, हाई काय शे? वास मारी राह्यना." मी म्हटलं, औषध शे. बादलीत बॅटरीवरचा हवेचा पंप चालू आहे, एरंडोलपासून दोनदा बघितला.

तिसऱ्या पिंपात वरच्या बाजूला ठेव. धुऊ नकोस. हे मी तुला सांगतोय, याची मला लाज वाटते.

कानात यंत्र घातलंय. सगळं फार मोठ्याने ऐकू येतं.

मला कळत नव्हतं असं नाही, ज्योत्स्ना. तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं. पण ते खरं मानलं असतं तर ज्या एका गोष्टीत मला कुणी विचारत होतं, तीही हातची गेली असती.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पाच दिवस राहिले. माहेरी येशील का हे मी विचारत नाही.

रुपचंद

———

धुळे
रविवार, १८ मे २०२५

ती. भाऊ,

आखाजीला आले नाही. लग्न झाल्यापासून एकही आखाजी माहेरची चुकली नव्हती. वहिनींनी सांजोऱ्या पाठवल्या, त्या यांनी खाल्ल्या. मी खाल्ल्या नाहीत. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

तुझी बादली आली त्या दिवशी मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. तू फाटकात उभा होतास, मांड्या भिजलेल्या, पँटवर सगळी गप्पींची घाण. मी बादली घेतली आणि दार लावलं. ते तसंच करायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण ते आठवलं की ताटावरून उठते.

चार मासे आहेत. दहाव्या-बाराव्या दिवसापासून अमोनिया उतरला, आता बाटलीत रंग पिवळा येतो, म्हणजे नाही. नळ्या पुन्हा तपकिरी होतायत. आबा सहा दिवस आडवा होता, मग सरळ झाला, पण तळाशीच असतो, हवेच्या दगडापाशी. इतर तिघं येतात, तो येत नाही. एखादा दाणा खाली गेला तर घेतो, नाहीतर नाही. नवल म्हणतो, कल्ले भाजलेत आतून, आता त्याच्या मनावर आहे.

दिपमालाला मी काही बोलले नव्हते. व्हिडिओवर ऊन आहे, जाळी घातलीय, आबा झोपलाय, असं रोज नवं काही सांगत होते. परवा ती म्हणाली, "आई, मला सगळं माहितीय. मी विमानतळावरच ओळखलं होतं." तू त्या वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवलास ना, तेव्हाच. इतकं स्वच्छ पाणी म्हणजे पिंपं धुतली गेली. पण मामा इतका खूश दिसत होता आणि मी शेजारी उभी राहून डोळे पुसत होते, म्हणून गप्प बसली. मला इतका राग आला तिचा! एक शब्द बोलली असती तर स्पंज कचऱ्यातून तरी काढता आला असता. मी तिला तसं म्हटलंही. तर ती म्हणते, "आणि तू महिनाभर काय करत होतीस?"

मग तिने एक विचारलं. मामाला पाणी स्वच्छ करायला कुणी सांगितलं होतं?

कुणी नाही, असं म्हणणार होते. मग आठवलं. भाऊ, माझ्या ७ एप्रिलच्या पत्रात मी माझ्या हाताने लिहिलं होतं, पाणी जरा बरं दिसेल असं बघ. पिंपांना हात लावू नकोस, हे एक वाक्य मात्र लिहायचं राहिलं. लताबाई काय म्हणतात, वना काय म्हणतो, याचंच मला पडलं होतं. ते पत्र तुझ्याकडे आहे. मी तुला इतकं बोलले, तरी तू ते माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. का नाही फेकलंस? फेकलं असतंस तर मला भांडता तरी आलं असतं.

आता काम. २ ते ५ जून दोंडाईच्याला यांच्या भाचीचं लग्न आहे, न जाऊन चालणार नाही. लताबाई भावाकडे जातायत. नवलला विचारलं, त्याला वेळ नाही. दुसरं कुणी नाही. मनापासून बोलावत नाहीये, हे स्पष्ट लिहिते. पण तू ये. काय करायचं आणि काय करायचं नाही ते मी पिंपावर खडूने लिहून ठेवलंय.

ज्योत्स्ना

———

(जेवणाच्या टेबलावर, त्याच डब्याखाली)

धुळे
५ जून २०२५

चि. ज्योत्स्ना,

नोंद प्लांटच्या तावावरच करतो, हाताला सवय आहे.

२ जून. पोचलो अकराला. पिंपावरचं तुझं अक्षर वाचलं. "धुऊ नये" याच्याखाली तू चार रेघा ओढल्या आहेत, एक पुरली असती. पंप चालू. पाणी हिरवट. झाकण उघडून बघितलं आणि बंद केलं. हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू. जाऊन तुमच्या मोरीच्या फरश्या घासल्या.

३ जून. दुपारी दोन तास वीज नव्हती, इन्व्हर्टर चालला. खाणं अर्धी मूठ, तू लिहिलंय तेवढंच. तिघं वर आले. आबा नाही. मी पायरीवर बसून राहिलो. संध्याकाळी वना मिस्तरी आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही इतला पानीना मानूस, नि हाई असं पानी?" मी त्याला म्हटलं, तुला काय कळतं रे त्यातलं. मग आत येऊन एकटाच हसलो.

४ जून. दिपमालाचा व्हिडिओ आला. कानातलं यंत्र मोबाईलजवळ शिट्टी मारतं, म्हणून तिने कागदावर लिहून तो पडद्यासमोर धरला. "मामा, तळ दिसतोय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिने दुसरा कागद धरला. "शाब्बास." मला तिची माफी मागायची होती, चार दिवस वाक्य तयार करत होतो. ते काही निघालं नाही. तिनेही विचारलं नाही. मी मोबाईल पाण्याकडे धरला.

तू विचारलं होतंस, तुझं पत्र तोंडावर का फेकलं नाही. ते पत्र मी परवा फाडून टाकलं. आता दोघांकडेही नाही.

५ जून. सकाळी सहा. जुनी सवय म्हणून काचेची बरणी भरली, खाली वर्तमानपत्र ठेवलं आणि वरून बघितलं. एक अक्षर वाचता आलं नाही.

हात पाण्यात धरून बसलो होतो. खालचं काही दिसत नव्हतं. कुणीतरी बोटाला तोंड लावलं. मला वाटलं लाल असेल. कपाळावर काळा टिळा होता.

चार दाणे खाल्ले. मोजले.

वरण-भात झाकून ठेवलाय. मी नऊच्या बसने जाणार नाही, तू येईपर्यंत इथेच पायरीवर आहे.

भाऊ